तुटल्या दाराची राखण



ज्या सद्गृहस्थांच्या स्मरणार्थ हे वार्षिक व्याख्यान होते ते आपल्या जिल्हा न्यायालयात नाझर होते. नाझर म्हणजे कोण हे तरुण श्रोत्यांना सांगावे लागेल. खटल्यात पुरावा म्हणून दाखल झालेली प्रत्येक वस्तू, मग ती रक्ताने माखलेला कोयता असो, फुटका मोबाइल असो की एखाद्या लहान मुलीची एका पायातली चप्पल असो, खटल्याचा निकाल लागून अपिलाची मुदत सरेपर्यंत ज्याच्या ताब्यात राहते, जो तिची नोंद राखतो, तिच्यावरची मोहोर अभंग आहे की नाही हे पाहतो, आणि न्यायासनाने मागितली असता तीच वस्तू, तिच्यासारखी दुसरी नव्हे, पुढे ठेवतो, तो नाझर. मी त्याच न्यायालयात सरकारी वकील होतो आणि त्यांच्याच आळीत राहत होतो. रात्रीची जेवणे आटोपली की पुष्कळदा मी त्यांच्या माजघरात जाऊन बसे, आणि तेथे सारे कुटुंब मांडी घालून ‘सी.आय.डी.’ नावाची मालिका पाहत असे. गुन्हेगाराच्या हातात बेड्या पडल्या, मंडळी अंथरुणे घालायला उठली, की नाझरसाहेब माझ्याकडे वळून प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारीत : ‘वकीलसाहेब, मुद्देमाल कुठे जमा केला यांनी?’

त्या प्रश्नात छिद्रान्वेष नव्हता. मुलगा परगावाहून निघाला आहे, तो पोचला का, असे एखाद्याने विचारावे तशी ती पृच्छा होती. ती मालिका त्यांना मनापासून प्रिय होती आणि मलाही आहे. ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर आणि राज्यघटनेवर व्याख्याने झाली तेथे दूरचित्रवाणीवरील पोलिसी मालिकेचा विषय मी घेतला, याचे कारण हा प्रश्न मी इतकी वर्षे मनात वागवीत आलो आहे आणि त्याचे उत्तर त्यांना देण्याचे राहून गेले.

ही मालिका ‘सोनी’ वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ रोजी थांबली तेव्हा तिचे १५४७ भाग झाले होते; मग सहा वर्षांच्या खंडानंतर २१ डिसेंबर २०२४ पासून ती पुन्हा दिसू लागली. जिचा आरंभ पाहणारी मुले तिच्या विरामाच्या वेळी स्वतः आईबाप झाली होती, अशी मालिका केवळ करमणूक राहत नाही. न्याय म्हणजे काय, पोलीस म्हणजे काय, संशय घ्यावा कसा आणि कोणावर, याविषयीच्या लोकसमजुतीत ती पायाच्या दगडासारखी जाऊन बसते, आणि तिला वगळून त्या समजुतीचा विचार करता येत नाही.

तिचे निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंह हे पुण्याच्या चित्रपटसंस्थेत छायालेखन शिकलेले आणि मुंबई दूरदर्शनच्या वृत्तविभागात कॅमेरा चालवीत आलेले गृहस्थ. हिंदी मालिकेच्या कितीतरी आधी त्यांनी दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली, जिचे नाव पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकावरून घेतलेले होते आणि जिच्यात तपासी अधिकाऱ्याच्या भूमिकेत शिवाजी साटम होते. माझ्या पिढीतील मराठी प्रेक्षकांना ती आठवत असेल. ‘सी.आय.डी.’चे मूळ त्या लहानशा, साध्या, मुंबईच्या पोलीस चौकीचा वास असलेल्या मराठी मालिकेत आहे, हे मी अभिमान मिरवण्यासाठी सांगत नाही. पुढे त्या वंशाचे काय झाले आणि काय गळून पडले हे कळावे म्हणून सांगतो.

आपल्या वाचकवर्गाला रहस्यकथेचे वेड बाबूराव अर्नाळकरांनी लावले. हजाराहून अधिक कथा लिहिणाऱ्या त्या लेखकाच्या धनंजय आणि झुंजार या नायकांनी आमच्या वडिलांच्या पिढीच्या रात्री जागवल्या. परंतु धनंजय काय, किंवा दूरदर्शनवर १९८५ साली आलेला ‘करमचंद’ आणि १९९३ साली आलेला ‘ब्योमकेश बक्षी’ काय, हे सारे खाजगी शोधक होते. बुद्धी त्यांची आणि सरकारी अंमलदार त्यांच्या मागून येणारा, असाच तो सरंजाम असे. हिंदी चित्रपटात तर मारामारी संपल्यावर पोलिसांची गाडी यावी हा जणू नियमच होता. या पार्श्वभूमीवर ‘सी.आय.डी.’ने एक गोष्ट केली जिची थोरवी आपण पुरेशी ओळखली नाही : तिने शोधकबुद्धी सरकारी कचेरीत आणून बसवली. पगारावर काम करणारा, वरिष्ठाला ‘सर’ म्हणणारा, सकाळी वेळेवर हजर होणारा नोकर हाच या कथांतला बुद्धिमान माणूस आहे, आणि वीस वर्षांत त्याच्या हाताला लाचेचा स्पर्श झाला आहे असे पाहणाऱ्याला कधी वाटले नाही. ज्या देशात सामान्य माणूस चौकीची पायरी चढताना खिसा चाचपतो, तेथे ही प्रतिमा दर आठवड्याला घरात येत होती. तिला भाबडी म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. लोकांना काय आहे ते ठाऊक असतेच. काय असावे हे त्यांना कोणीतरी सातत्याने दाखवावे लागते.

एसीपी प्रद्युम्न हे पात्र या प्रतिमेचा कणा. शिवाजी साटम यांनी रंगभूमीवर आणि पडद्यावर पाय रोवले ते बँकेतील नोकरी सांभाळून, आणि माझी अशी धारणा आहे की त्या नोकरीने त्यांना या भूमिकेसाठी असे काही दिले जे कोणत्याही नाट्यशाळेत मिळाले नसते. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा अधिकार आवाज चढवण्यात नसतो, समोरच्याला बोलू देऊन मध्येच एक प्रश्न विचारण्यात असतो, हे ज्याने काउंटरच्या आतल्या बाजूने वर्षानुवर्षे पाहिले आहे त्यालाच ते इतके सहज साधेल. हवेत बोटे फिरवीत ‘कुछ तो गडबड है’ असे ते म्हणतात, तेव्हा ती बोटे एखाद्या अदृश्य खतावणीतली न जुळणारी रक्कम शोधीत आहेत असे मला नेहमी वाटत आले आहे. याच नटाने १९९९ सालच्या ‘वास्तव’ चित्रपटात गुन्हेगार मुलाचा हतबल पिता उभा केला, आणि मालिकेतही प्रद्युम्नाला स्वतःच्या मुलावर, नकुलवर, गोळी चालवावी लागते असा प्रसंग आहे. एकीकडे रडणारा बाप आणि दुसरीकडे कर्तव्यापुढे रडू न शकणारा बाप असे दोन्ही एकाच चेहऱ्यावर पाहिलेल्या प्रेक्षकाला प्रद्युम्नाच्या कोरड्या डोळ्यांचा अर्थ न सांगता कळतो.

त्या गोळीनंतर प्रद्युम्नाला घर उरत नाही, आणि तसे पाहिले तर या मालिकेत कोणालाच घर नाही. प्रद्युम्नाचा सहकारी अभिजीत याला तर स्वतःचा भूतकाळदेखील धड आठवत नाही. ही भूमिका करणारे आदित्य श्रीवास्तव त्यापूर्वी, १९९८ सालीच, ‘सत्या’ चित्रपटात इन्स्पेक्टर खांडिलकर म्हणून दिसले होते. त्यांच्या नजरेत जी एक सावध कडवटपणाची छटा आहे ती या स्मृतिभ्रष्ट अधिकाऱ्याला फार शोभली. दुसरा सहकारी दया मितभाषी, ती भूमिका करणारे दयानंद शेट्टी मुळात थाळीफेकपटू, आणि त्यांच्या खांद्यांनी जे सांगितले त्याला संवादांची गरज पडली नाही. ज्यांच्या बायकोचा उल्लेख वारंवार येई असे बहुधा एकटे फ्रेडी, आणि म्हणूनच की काय, घरातील लहान मुले आणि वृद्ध फ्रेडीवर जीव लावून होते. फ्रेडी रंगवणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये निवर्तले तेव्हा आमच्या आळीतल्या एका आजींनी त्या दिवशी गोड केले नाही. मालिका पुन्हा सुरू झाली, पण ती जागा रिकामीच आहे, आणि ती तशीच राहिली यात मला औचित्य दिसते. स्त्री-अधिकारी मालिकेत आल्या आणि गेल्या; आरंभीच्या काळात अश्विनी काळसेकर यांनी उभी केलेली आशा मला आजही आठवते, परंतु पुरुषांना जशी वीस वर्षे मिळाली तशी त्यांपैकी कोणालाच मिळाली नाहीत, ही या मालिकेतील खरी उणीव होय.

डॉक्टर साळुंखे यांच्या प्रयोगशाळेविषयी मला सविस्तर बोलायचे आहे. नरेंद्र गुप्ता यांनी रंगवलेला हा विद्वान, तापट आणि प्रद्युम्नाशी जन्माचे भांडण असलेला माणूस एकाच टेबलापाशी शवविच्छेदन करतो, विष ओळखतो, डीएनए जुळवतो आणि बंदुकीची गोळी कोणत्या नळीतून सुटली तेही सांगतो. प्रत्यक्षात ही चार निरनिराळ्या माणसांची, निरनिराळ्या विभागांतली कामे आहेत. शवविच्छेदन सरकारी रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी करतो. विषबाधेचा संशय असल्यास तो व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात बरणीत घालून ती लाखेने मोहोरबंद करतो. हवालदार ती बरणी, यादीसह, एसटीने किंवा सरकारी गाडीने प्रयोगशाळेत पोचवतो. तेथे ती बारनिशीत, म्हणजे आवक नोंदवहीत, चढते आणि आपली पाळी येईपर्यंत थांबते. मुंबईत कालिना येथे असलेली आपल्या राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळा १९५८ सालापासून हे काम करीत आहे, आणि तिचा अहवाल, ज्याला आम्ही कोर्टात ‘सीए रिपोर्ट’ म्हणतो, त्याची वाट पाहण्यात माझ्या कित्येक खटल्यांचे महिने गेले आहेत. साळुंखे पाच मिनिटांत जे सांगतात त्यात विज्ञान थोडे आणि आशा पुष्कळ आहे. तथापि त्या आशेचेही मोल आहे. मृतदेह स्वतःच साक्षीदार असतो, माणसे फितूर होतील पण केस, रक्त आणि माती फितूर होत नाहीत, ही कल्पना या देशातील खेड्यापाड्यांत कोणी नेली असेल तर ती साळुंख्यांनी. २०२३ साली संमत झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा असे ठरवले आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत अवधी दिला. जी गोष्ट कायद्याने आता मागितली तिची अपेक्षा प्रेक्षकाने केव्हाच मनात धरली होती.

आता कबुलीजबाबाकडे वळतो. या मालिकेतील बहुतेक कथा एकाच ठिकाणी येऊन विसावतात : पुरावे मांडले जातात, दयाचा हात उठतो किंवा उठेल असे वाटते, आणि गुन्हेगार बोलू लागतो. तो सर्व काही सांगतो, एसीपी त्याला फाशीचे भाकीत ऐकवतात, आणि कथा संपते. परंतु १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्याचे पंचविसावे कलम असे होते की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही, आणि जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्यानेही तो नियम कायम ठेवला आहे. त्याचे मूळ आणखी मागे, १८६१ सालच्या फौजदारी संहितेत आहे, आणि त्याही मागे आहे १८५५ सालचा मद्रास इलाख्यातील छळाच्या चौकशीचा अहवाल, ज्यात सरकारी अंमलदार रयतेकडून पैसा आणि कबुली कशी पिळून काढीत याची सविस्तर हकीकत नोंदलेली आहे. म्हणजे ज्या क्षणी प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो तो क्षण न्यायालयाच्या दृष्टीने घडलेलाच नसतो. कायदा त्या कबुलीतून एवढेच स्वीकारतो, की आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर ती सापडण्याशी निगडित असलेला तेवढा भाग. कायदा तेथे माणसापेक्षा वस्तूचे ऐकतो, आणि ती वस्तू मग नाझराकडे येते.

एका खटल्याची हकीकत सांगतो. खुनाचा खटला होता, मृत तरुणाचा बाप शेतकरी होता, आणि प्रत्येक तारखेला तो वीस मैलांवरून येऊन न्यायालयाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसे. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारले, ‘साहेब, त्यानं ठाण्यात समद्यांम्होरं कबूल केलंय. मग आता कोर्टात काय राहिलंय?’ मी त्याला समजावले, परंतु वीस मिनिटांत जे समजावता आले ते वीस वर्षे पाहिलेल्या गोष्टीपुढे टिकले नाही. पुढे दोन्ही पंच फितूर झाले. रक्ताचा सदरा ज्या पाकिटात होता त्याच्या मोहोरेचे वर्णन पंचनाम्यात एक आणि प्रयोगशाळेच्या पत्रात दुसरेच निघाले, कारण कोणीतरी, कधीतरी, घाईत ते पाकीट उघडून पुन्हा बंद केले होते आणि त्याची नोंद कोठेही नव्हती. आरोपी सुटला. बापाने मला दोष दिला नाही, पोलिसांना दिला नाही. तो एवढेच म्हणाला, की त्याने तर कबूल केले होते. त्या रात्री मी नाझरसाहेबांकडे गेलो असता त्यांनी दूरचित्रवाणी लावली नाही. पुष्कळ वेळाने ते म्हणाले, ‘पाकीट माझ्याकडे आलं तेव्हाच मोहोर वेगळी होती. मी रजिस्टरला तसा शेरा मारलाय.’ त्यांनी मारलेल्या त्या शेऱ्यावरच बचाव पक्षाने खटला जिंकला होता, आणि तरीही तो मारणे हे त्यांचे कर्तव्य होते. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होते.

दरवाजाविषयीही असेच म्हणावे लागेल. ‘दया, दरवाजा तोड दो’ हे शब्द ज्याला ठाऊक नाहीत असे मूल माझ्या पाहण्यात नाही. १९७३ सालच्या फौजदारी संहितेचे सत्तेचाळिसावे कलम मात्र असे सांगत होते की अधिकाऱ्याने आधी आपण कोण आहोत आणि कशासाठी आलो आहोत हे सांगावे, रीतसर प्रवेश मागावा, आणि तो न मिळाल्यास मगच दार फोडावे. आणि आत पडद्यात राहणारी, जिला अटक करावयाची नाही अशी स्त्री असेल तर ती बाहेर जाण्यास मोकळी आहे असे तिला कळवावे आणि तशी सोय करून द्यावी. झडतीच्या वेळी त्याच वस्तीतील दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत. नव्या संहितेत या गोष्टी आहेतच, शिवाय झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रणही आता सक्तीचे झाले आहे. दाराबाहेर उभे राहून उच्चारलेले ते एक वाक्य, की मी अमुक आहे आणि अमुक कामासाठी आलो आहे, मला पोलीस खात्याच्या साऱ्या सभ्यतेचे सार वाटते. दयाने ते म्हटले असते तर त्याच्या लाथेचे बळ तसूभरही कमी झाले नसते.

हे सारे दाखवायला वेळ कोठे होता, असे कोणी म्हणेल. याच मालिकेच्या चमूने २००४ साली एक कथा १११ मिनिटे एकही तुकडा न पाडता, एकाच सलग चित्रणात सादर केली, आणि तो विक्रम म्हणून नोंदला गेला. त्या रात्री मी प्रथमच त्या अधिकाऱ्यांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नुसते चालत जाताना पाहिले. जिन्याला पायऱ्या होत्या आणि त्या चढायला वेळ लागत होता. तपास म्हणजे बव्हंशी तेच असते : चालत जाणे, थांबणे, पुन्हा लिहिणे. ज्यांना १११ मिनिटे सलग श्वास रोखून धरता आला त्यांना पंचनामाही दाखवता आला असता, असे मी तेव्हाच नाझरसाहेबांना म्हणालो होतो.

एप्रिल २०२५ मध्ये वाहिनीने एसीपी प्रद्युम्नाच्या मृत्यूची वार्ता दिली तेव्हा लोकांना जे दुःख झाले ते खोटे नव्हते, आणि पुढे तो परत आला तेव्हाचा आनंदही खोटा नव्हता. इंग्लंडात जॉर्ज डिक्सन नावाचा साधा शिपाई १९५० सालच्या एका चित्रपटात गोळी लागून मेला होता. पाचच वर्षांनी बीबीसीने त्याला जिवंत करून मालिकेत आणले आणि तो १९७६ सालापर्यंत दाराशी उभा राहून लोकांना नमस्कार करीत राहिला. समाजाला काही पोलीस मरू द्यायचे नसतात. नाझरसाहेब मात्र २०२४ चे पुनरागमन पाहायला राहिले नाहीत.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आज द्यावयाचे तर मी एक भाग लिहीन. त्याचा आरंभ तेथे होईल जेथे आजवरचे भाग संपत आले. गुन्हेगाराला गाडीत घालून नेले आहे. रात्रीचे दोन वाजले आहेत. एक हवालदार, ज्याचे नाव या मालिकेने आपल्याला कधी सांगितले नाही, सतरंजीवर बसून विजेरीच्या उजेडात पंचनामा लिहितो आहे, आणि शेजारच्या जिन्यावरून झोपेतून उठवून आणलेले एक निवृत्त शिक्षक आणि एक दूधवाला त्याला सांगताहेत की कपाट डाव्या हाताला आहे, उजव्या नव्हे. तो खाडाखोड करतो, खाडाखोडीवर सही घेतो. मेणबत्तीवर लाख वितळते. सुरी पाकिटात जाते, पाकिटावर लेबल, लेबलावर पंचांच्या सह्या, त्यावर मोहोर. आणि त्या मोहोरेचा ठसा पंचनाम्याच्या समासातही उठतो, म्हणजे तीन वर्षांनी कोणी विचारील तेव्हा दोन्ही जुळतील. हवालदार सारे मोठ्याने वाचून दाखवतो. पंच सह्या करून झोपायला जातात. मुद्देमाल जीपमधून ठाण्याकडे निघतो आणि ठाणे अंमलदाराच्या रजिस्टरात त्याला नंबर पडतो.

घर मात्र उघडे आहे, कारण दार दयाने तोडले आहे, आणि ज्याचे घर तो कोठडीत आहे. म्हणून दया तेथेच थांबतो. शेजाऱ्यांनी दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, उंबऱ्याशी, तो पहाटेपर्यंत बसून राहतो. समोरच्या घरातली बाई त्याला चहा आणून देते. साडेसातला सुतार येतो. दया उठून त्याला वाट देतो, आणि उखडलेल्या बिजागऱ्या कोठे पडल्या आहेत ते हाताने दाखवतो.